पडद्यासमोरचा शड्डू
त्या इंग्रजी सिनेमाला शहाण्यांनी पोरखेळ म्हटलं. म्हणोत बापडे. अंतराळात जग वाचवायला निघालेली चार टाकाऊ माणसं होती त्यात: एक बुटका, एक लंगडा, एक एकडोळ्या आणि कुणालाच नको असलेली एक धिप्पाड बाई.

कोल्हापुरात तो पाहताना माझ्या शेजारी नऊवारीतली एक बाई एकटीच बसली होती. हाताला म्हशीच्या दुधाचा वास. भाषा तिलाही कळत नव्हती, मलाही. तरी मला म्हणाली, "पावणं, ह्यास्नी आदी कुणी दारात उभं केलं नसंल बघा. आता जग बुडाय लागलं तवा हाका मारत्यात!"

पडद्यावरची धिप्पाड बाई राक्षसासमोर उभी राहिली, तशी ही ताडकन उठली आणि कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानासारखा तिनं मांडीवर शड्डू ठोकला. थेटर हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, ही काय तालीम हाय व्हय?"

ती वळली. "न्हाय की! बा पैलवान, भाऊ पैलवान, पर तालमीचा उंबरा मला कुणी वलांडू दिला न्हाय. हितं तिकीट काढून आलोय. हसा आता!"

आणि दुसरा शड्डू ठोकला, पहिल्याहून जोरात.