उजव्या कोपऱ्यातलं नाव

सखाराम साळवे यांनी एका सरकारी बँडपथकात छत्तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं आणि तेवढ्या काळात एकच धून रचली. २००९ साली, मराठवाडा मुक्तिदिनाच्या संचलनासाठी. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ते पायानं ठेका धरून एकेक ओळ बसवत. मिनिटाला एकशेवीस पावलं, आणि त्यातलं एकही अडखळता कामा नये. मधला संथ भाग जमायलाच दोन महिने गेले. धुनेला 'सतरा सप्टेंबर' हे नावही त्यांनीच दिलं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी पथकातल्या आकाशचा फोन आला. "काका, यंदा तुमची धून हाये. अन् ह्या टायमाला धून कोणी केली ते माईकवर सांगणार हायेत."

सखारामांनी भावकीत सगळ्यांना कळवलं. बायकोला, मनकर्णाबाईंना म्हणाले, "चल. एकदा माईकवर माझं नाव ऐक."

"घरात ऐकून ऐकून कान किटले, आता तिथं बी?" असं म्हणत त्या ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या.

मैदानावर निवेदिकेनं कागद वाचला. "यानंतर, 'सतरा सप्टेंबर'. रचना, बँडमास्तर मोतीराम घुगे."

टाळ्या झाल्या. धून वाजली आणि एकही पाऊल अडखळलं नाही. सखाराम गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ते पथकाच्या गाडीपाशी गेले. "साहेब, नाव चुकलं."

घुग्यांनी पेटीतून कार्डांचा गठ्ठा काढला. वाजवताना समोर दिसावीत म्हणून वाद्याला अडकवायची ही स्वरलिपीची तळहाताएवढी कार्डं. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं : मो. घुगे.

"अक्षर कोणाचं हाये, साळवे?"

अक्षर सखारामांचं होतं. २०१८ साली पेटीत पाणी शिरून कार्डं खराब झाली, तेव्हा पथकात सगळ्यांत चांगलं अक्षर त्यांचं म्हणून बत्तीसच्या बत्तीस कार्डं त्यांनीच नव्यानं लिहिली. नवं कार्ड लिहिताना कोपऱ्यात त्या वेळच्या मास्तरचं नाव टाकायचं, ही पथकाची रीत. कार्डं कोणाच्या काळातली ते त्यावरून कळायचं. शेकडो कार्डांवर त्यांनी असं नाव टाकलं होतं. आपल्या धुनेवरही टाकलं, आणि टाकताना हात थांबला नव्हता.

"पण धून माझी हाये, हे तुमाला तर ठाऊक हाये."

"ठाऊक हाये की. पण माहिती कार्डांवरून वर गेली, रेकॉर्डिंग बी झालं. अर्ज करा, जुनं कार्ड जोडा."

जुनी कार्डं नियमाप्रमाणे जाळली होती. नष्ट केल्याच्या कागदावर सही सखारामांचीच होती. घुगेही हे जाणून होते. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि "चहा घेऊन जा," म्हणाले. सखाराम चहासाठी थांबले नाहीत.

परतताना रिक्षात, क्रांती चौक मागं पडल्यावर मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "मी म्हन्ते, धून करताना त्या साहेबानं बी थोडंफार सांगितलं असंल की वो. न्हाय तर तुमी तुमच्या हातानं त्याचं नाव कशाला टाकलं असतं?"

पुढचे दोन-तीन दिवस भावकीतून फोन येत राहिले. विचारणाऱ्याला सखाराम एवढंच सांगत, की कार्यक्रम वेळेवर सुरू झाला आणि वेळेवर संपला.