बर्फ सारणारा फाळ

लग्नानंतर परळची चाळ सोडून मी भाईंदरच्या गोडदेवला दोन खोल्यांत राहायला आलो आणि जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. पंपांचे शाफ्ट, नळांचे सुटे भाग, असली कामं. नव्वदच्या आसपास एका दुपारी साठी उलटलेले एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेलं पितळेचं चाक घेऊन आले. चाक माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं.

“असली सहा हवीत. ही कड बघ. जरा कमीजास्त झाली तर गाडी रुळावरून उतरते.”

“कसली गाडी, अंकल?”

“रविवारी डोंगरीला ये. सांगून न्हाय कळायचं.”

चाकं तयार झाली तशी मी रविवारी भाईंदर स्टेशनवरून बस पकडून समुद्राकडच्या डोंगरी गावात गेलो. अंकलच्या घरामागे विहीर, चिकूची तीन झाडं, एक क्रूस. आणि या सगळ्याला वळसा घालत, जमिनीवर पावणेदोन इंच अंतरावर दोन पितळी रूळ. हातभर लांबीचं इंजिन चार डबे ओढत चिकूखालून आलं, क्रूसामागे दिसेनासं झालं आणि विहिरीच्या अंगाने परत आलं. मी चप्पल काढून उकिडवा बसलो. देवळात काढावी तशी ती का काढली, कोण जाणे.

अंकल तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. एकदा ऐन हिवाळ्यात त्यांचं जहाज नॉर्वेच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकलं. दुरुस्तीला आलेल्या तिथल्या फिटरने त्यांना घरी जेवायला नेलं. त्याच्या बागेत अशीच आगगाडी होती, भर बर्फात धावणारी. पुन्हा दोघांची भेट झाली नाही, पण पत्रं चालू राहिली, आणि नोकरी सुटल्यावर अंकलनी डोंगरीत स्वतःचे रूळ टाकले.

त्यानंतर मी वरचेवर जाऊ लागलो. एके दिवशी अंकलनी माझ्यासमोर एक पत्र ठेवलं. फिटरचे हात आता थरथरतात. रुळांवरचा बर्फ बाजूला सारणारा, इंजिनाच्या पुढे लावायचा पत्र्याचा फाळ मोडलाय आणि नवा करणं त्याला जमत नाही. यंदाच्या हिवाळ्यात गाडी बंद.

“आपण करू,” अंकल म्हणाले.

“अंकल, मी बर्फ पाहिलाय तो फक्त मासळीच्या पेटीत.”

“मी पाहिलाय ना. तू हात चालव.”

मग फिटरला विचारून एकेक गोष्ट कळत गेली. प्रत्येक उत्तराला महिना लागे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ पिठासारखा उडतो, पण थोडी ऊब आली की तोच ओला होऊन पत्र्याला चिकटतो, म्हणून पत्र्याला मेण चोळायचं. फाळाची कड रुळाला टेकता कामा नये. मध्ये दोन पोस्टकार्डांची जाडी राहिली पाहिजे. इंजिनातली बॅटरी गाडी सुटेपर्यंत स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवायची, कारण गारठ्यात तिचा जीव जातो. मी हे वाचून घेई आणि लेथपाशी घाम पुसत विचार करी, असलाही एक देश आहे.

फाळ तयार झाला, पण डोंगरीत त्याची परीक्षा कशी घ्यायची? अंकलनी जवळच्या राई गावातल्या ओळखीच्या माणसाकडून मिठागरातलं मीठ आणलं, दोन गोणी. रुळांवर वीतभर उंच रास घातली. इंजिन सोडलं. फाळ मिठावर चढला आणि गाडी आडवी झाली.

“नाक हलकं हाय,” अंकल म्हणाले. त्यांनी मासळीच्या जाळ्याला बांधायचे शिशाचे तुकडे आणले. ते मी फाळाच्या आत बसवले. पुढच्या खेपेला मीठ बाजूला सरकलं, पण पुन्हा रुळांत घसरलं. मी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर बाक दिला. तिसऱ्या खेपेला ती पांढरी रास मधोमध दुभंगली, मीठ दोन्ही अंगांनी उडालं आणि मागे रूळ उघडे चकचकत राहिले.

अंकलची बायको, आंटी, दारातून म्हणाल्या, “मीठ धुणार कोण? संध्याकाळपर्यंत रूळ हिरवे पडतील.”

मग आम्ही तिघांनी विहिरीतून बादल्या काढून सगळे रूळ धुतले.

गावातला एक खलाशी युरोपकडे चालला होता. त्याच्या सामानातून फाळ गेला आणि त्याने तिकडे पोहोचल्यावर पोस्टात टाकला. त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. पावसाळा गेला, नाताळ गेला. उन्हाळा तापू लागला तेव्हा अंकलचा वर्कशॉपमध्ये फोन आला, “कॅसेट आलीय. ये.”

शेजारच्या घरात व्हीसीआर होता. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते, आत पंखा घरघरत होता, आणि पडद्यावर नुसतं पांढरं. कुंपण गळ्यापर्यंत बुडालेलं. झाडं वाकलेली. रूळ कुठे असतील याचा पत्ताच नाही. मग एका कोपऱ्यात काहीतरी हललं. बर्फाचे दोन पंख उघडले आणि त्यांच्या मध्ये माझा फाळ होता. हो, माझाच. त्याच्या मागे इंजिन, मागे डबे, खिडक्यांत बारीक दिवे. पुढे इंजिनापेक्षा उंच ढीग लागला. गाडी त्यात शिरली आणि पार गडप झाली.

“गेली,” आंटी म्हणाल्या.

मग ढिगाच्या पलीकडच्या बाजूने बर्फ आधी फुगला, मग फुटला आणि फाळ बाहेर आला. माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. या हातांनी पंपांचे शाफ्ट काढत मी दिवस घालवत होतो, आणि तिकडे, समुद्रापलीकडे, त्याच हातांनी वाट करून दिली होती.

शेवटी कॅमेरा खिडकीकडे वळला. काचेमागे एक पांढऱ्या केसांचा माणूस, तोंडाच्या वाफेने धूसर झालेला, हात हलवत होता.

अंकल उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

“किती म्हातारा झालाय,” ते म्हणाले.

“आन् तुम्ही?” आंटी म्हणाल्या.

अंकल हसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मागे घे रे. पुन्हा बघू.”