गाडी तापेपर्यंत

आबांची गाडी मी आईला न विचारता बदलली. आईसाठी बदलली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं होतं.

गाडी जुनी, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असलेली. आबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या साहेबानं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी आबांनी घेतली. भोसरीच्या पुढचं आमचं गाव तेव्हा अजून गावच होतं. फिटर असून पहिल्या शिफ्टला गाडीतून जातो म्हणून लोक हसायचे. आबाही त्यांच्यात हसायचे, पण गाडी रोज फडक्यानं पुसायचे.

घरात तीन चुलते, चुलत्या, आम्ही सगळी पोरं. मोठ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. जेवायला वाढताना आई आबांकडे बघतही नसे. त्यांना पाणी हवं असलं तर ते मला सांगायचे, "पाणी आण म्हणावं." आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

त्यांचं बोलणं व्हायचं ते सकाळी, गाडीपाशी. कार्बोरेटरची गाडी थंड असताना लगेच निघत नाही. चोकची खुंटी ओढायची, म्हणजे इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. मग ते खोकत, थरथरत सुरू होतं आणि तापेपर्यंत गाडी जागेवरच ठेवावी लागते. तेवढ्या वेळात आई आबांचा डबा घेऊन यायची. खिडकीतून डबा द्यायला कितीसा वेळ लागतो? पण ती दारावर हात ठेवून उभी राहायची. इंजिनाच्या आवाजात ओट्यावरच्या माणसांना काही ऐकू जात नसे.

मला ऐकू जायचं. माझी शाळा आबांच्या वाटेवर होती, म्हणून मी मागच्या सीटवर दप्तर उशाला घेऊन पडलेला असायचो. माहेरी कोण आजारी आहे, धाकटी जाऊ काय बोलली, माझ्या पायाला बूट आखूड होतायत, असलं सगळं आई तिथं सांगायची. एकदा आबा म्हणाले, "हिरवं लुगडं चांगलं दिसतंय."

"गप बसा. पोरगं जागं हाय."

"झोपलंय ते."

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

गाडी मधेच बंदही पडायची. आबा म्हणायचे, "गेली बघ पुन्हा," आणि खुंटी ओढून नव्यानं सुरुवात करायचे. आई उभीच असायची.

पुढे चुलते वेगळे झाले, रान गेलं, त्यावर शेड उभ्या राहिल्या. आबा रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेले. गाडी राहिली. मी चाकणच्या एका कंपनीत इंजिनांवर काम करतो. कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या नव्या गाडीत पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे एक छोटा कंप्युटर ठरवतो. त्या कंप्युटरला ते शिकवायचं, हे माझं काम.

गाडी आखडू नये म्हणून मी दर रविवारी ती सुरू करायचो. आवाज झाला की आई हातातलं टाकून बाहेर यायची. खिडकीशी उभी राहून दारावर हात ठेवायची. माझ्याशी बोलायची नाही. ओठ मात्र हलायचे. मी आत बसून मोबाइल बघत असायचो. हाताला पेट्रोलचा वास, चोक आत-बाहेर करत बसायचं, कधी पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरायचं. माझी सगळी सकाळ जायची. एकदा मी कंटाळून लवकरच बंद केली. आईनं विचारलं, "तापली का?"

"तापली."

तापली नव्हती. बॉनेटला हात लावून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

भोसरीत माझ्या एका मित्राचं गॅरेज आहे. तो मला चिडवायचा. "राव, दिवसभर कंपनीत इंजेक्शन इंजेक्शन करतोस आणि घरी खुंटी ओढत बसतोस. डॉक्टरच्या घरी झाडपाला."

आई त्या महिन्यात बहिणीकडे तळेगावला राहायला गेली होती. मी गाडी मित्राच्या गॅरेजला नेली. बायको म्हणाली, "अहो, आईंना विचारलंत का?"

"तिच्यासाठीच करतोय. आल्यावर बघेल."

ते दिवस माझे फार आनंदात गेले, हेही सांगायला हवं. कार्बोरेटर उतरवला, तिथं नवं थ्रॉटल आणि इंजेक्टर बसवले. टाकीत पंप टाकला. पाणी किती तापलंय, सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय, हे सांगणारे सेन्सर लावले. चोकची केबल ओढून काढली आणि डॅशबोर्डवर उरलेल्या भोकात एक छोटा निळा दिवा बसवला. तो दिवा मला फार आवडला होता. किल्ली फिरवली की इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. मित्रानं बॉनेटवर थाप मारली. "भावा, म्हातारी शहाणी झाली." कंपनीतल्या लोकांना मी तिचे व्हिडिओ दाखवले.

आई आली त्या दिवशी मी तिला हात धरून अंगणात आणलं. गाडी सुरू केली. आई सवयीनं खिडकीशी आली, दारावर हात ठेवला. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललं होतं.

मी म्हणालो, "बघ, आता तापवायची गरज नाही."

"मंग थांबायचं न्हाई?"

"नाही. बसलं की निघायचं."

तिनं आत वाकून पाहिलं. निळ्या दिव्यावर तिची नजर थांबली. "बरं केलंस," म्हणाली आणि हात काढून घेतला.

पुढच्या रविवारी मी गाडी सुरू केली तेव्हा आई ओट्यावर वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. हळूहळू ती अंगणात यायचीच थांबली. दुपारची झोपायला लागली, कधी सकाळचीही. बायको एकदा म्हणाली, "त्या गाडीपाशी आबांशी बोलायच्या. तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

"नाही," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

मग मला जे येत होतं ते मी करून बघितलं. लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो आणि शहाण्या केलेल्या गाडीला पुन्हा वेडं करायला लागलो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यायचं, ठिणगीची वेळ मागेपुढे करायची, आवाज खडबडीत ठेवायचा. आबांच्या वेळची खोक आठवून आठवून मी जुळवत होतो. इंजिन जरा तापलं की एकदा पेट्रोल तोडून ते बंद पडेल, अशीही सोय केली, कारण जुनी गाडी पडायची. मित्र आवाज ऐकून म्हणाला, "राव, माझ्याकडे लोक असल्या गाड्या नीट करून घ्यायला येतात."

जमलं असं वाटलं त्या रविवारी मी आईला हाक मारली. ती आली, पण ओट्याच्या पायरीशीच थांबली. गाडी खोकली, थरथरली, चालू राहिली. आईनं कान दिला. मग सावकाश खिडकीपर्यंत आली. तेवढ्यात, ठरवल्याप्रमाणे, इंजिन बंद पडलं.

"बिघडली का रं?"

"नाही. पहिल्यासारखी केलीय. पडायची ना मधेच? चोक खराब होता तिचा."

आई थोडं हसली. आबा गेल्यापासून असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"चोक चांगला व्हता," ती म्हणाली. "हेच आत ढकलायचे ती खुंटी. माझं बोलणं ऱ्हायलं असलं की पाडायचे बंद. मंग परत तापवायची."

इतकी वर्षं मी इंजिनांवर काम करत होतो. त्या बंद पडण्याचं कारण मी कितीजणांना समजावून सांगितलं होतं. मागच्या सीटवरून मला सगळं ऐकू यायचं, पण आबांचा हात दिसत नव्हता.

"आई, कार्बोरेटर आहे माळ्यावर. परत बसवतो. खुंटी पण बसवतो."

"नगं," ती म्हणाली. "ती ढकलणारं माणूस न्हाई आता. खुंटी व्हती तवर निदान वाटायचं तरी, हायेत म्हणून." तिनं पदरानं दारावरची धूळ पुसली. "ऱ्हाऊ दे. तू कशाला जीवाला लावून घेतोस. माझ्यासाठीच केलंस ना?"

व्हय म्हटलं असतं तर ती तेवढ्यावर आत गेली असती. बायको पलीकडे कपडे वाळत घालत होती. मी किल्ली फिरवली. गाडी पुन्हा खोकत सुरू झाली. तिच्या आवाजात आता माझं बोलणं फक्त आईलाच ऐकू जाईल, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आईचा हात अजून दारावर होता. मी त्यावर माझा हात ठेवला.

"तुझ्यासाठी नव्हतं केलं, आई. मला दर रविवारी थांबायचा कंटाळा आला होता. तू इथं कुणाशी बोलतेस ते मला ठाऊक होतं. मी तेव्हा मागं झोपलेलो नसायचो. ठाऊक असून केलं. माझं चुकलं."