मागं येणारी लाल रेघ

पिंपरीत लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणाऱ्या त्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. बहिणीच्या लग्नानंतर महाळुंग्याच्या जमिनीवरून चुलत्याशी बिनसलं, म्हणून त्याला व्हिडिओतून पार काढून टाका, असं मी सांगितलं होतं. हा मात्र करंगळी वर धरून माउस हलवायचा, टाइमलाइनवरची लाल रेघ पुढं न्यायचा आणि परत मागं त्याच जागी आणायचा. चुलत्यानं याला नक्की गाठलं असणार.

"कुणाचा फोन आला होता का तुम्हाला?" मी विचारलंच.

"न्हाई भाऊ." त्यानं रेघ थांबवली. "बाकी सगळीकडनं काढलं त्यांना. हितं नवरी त्यांच्या गळ्यात पडून रडतीय. हितं कुणाला कापू?"