ताईची किडनी

दोन वर्षं डायलिसिसवर काढली, तरी सुताराची जीभ काही गप्प बसली नव्हती. मशीनला जोडलेला असतानाही तो नर्सबाईंना त्यांच्या टेबलाचा खण का अडकतो ते समजावत असायचा. मग थोरल्या बहिणीने आपली एक किडनी दिली. "लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचास, आता हेही घे," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "शरीराने ही किडनी झिडकारू नये म्हणून या गोळ्या. पण त्यांनी तुमची रोगाशी लढायची ताकद कमी होते. माती, धूळ, कुजकं लाकूड, सगळ्यापासून लांब राहा."

वर्षभर त्याने पाळलं. पण रिकामा बसून अंग आंबलं. मागच्या अंगणाचं दार तळाशी कुजलं होतं, ते काढायला घेतलं आणि बोटात लाकडाची कूस घुसली. सुईने उपटून टाकली. सुताराला कुसेचं कसलं कौतुक!

दोन महिन्यांनी तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. डॉक्टरीणबाईंना दाखवलं तर दाराचं बिंग फुटेल, म्हणून गडी मूग गिळून बसला. गाठ फुटून काळपट पू आला, तेव्हा बायकोने दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असं फार क्वचित दिसतं. धडधाकट माणसात ती सहसा रुजत नाही. तुमच्या अंगात तिला अडवणारं कोणी नाही."

बोट कापलं. तोवर ती फुप्फुसात पोचली होती. जीव वाचवायचा तर किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या कमी करणं भाग होतं. जीव वाचला. दीड महिन्यात किडनीने मात्र हात टेकले.

ताई भेटायला आली. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, दारासकट.

"गाठ आली तेव्हाच का नाही बोललास?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते! दोन शब्द ऐकले असतेस. त्याने काय भोकं पडली असती अंगाला?"

ताईने पिशवी उचलली, त्याच्या बायकोशीही न बोलता निघून गेली. पुढचे तीन महिने आली नाही. फोन मात्र रोज करायची, त्याच्या बायकोला. "खाल्लं का त्याने?" एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची.