अक्कांनी ओढून घेतलेली टोपली

गरोदर बाईच्या जेवणावर माझ्यासारख्याने लिहावं, हे मलाच धाडसाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, माफ करावं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, त्यामुळे वर्गात ऐकलेलं मला नीट कळलंय का, याचीही मला खात्री नसते. पण गेले काही महिने जिवाला घोर होता तो या जेवणाचाच.

माझी ताई चिकपेटेत दिली आहे. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतले, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारे. खाली कापडाचं दुकान, वर घर. येलहंक्याच्या हॉस्टेलवरून मी रविवारी तिथे जेवायला जायचो. ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तिने दुसऱ्या भाकरीला हात घातला की तिच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, हळूच टोपली ओढून घ्यायच्या.

“स्वल्प खा गं. पोर पोटात वाढलं की बाहेर येताना रडवतं.”

त्या घरची ही रीतच. पहिल्या वेळीही ताई अशीच अर्धपोटी राहिली आणि भाची अगदी चिमुकली जन्मली. बाळंतपण सोपं गेलं म्हणून सगळे खूश. मग ‘बारीक आहे, बारीक आहे’ म्हणत तिला तूप-साखर भरवत राहिले. आता ती दुसरीत आहे, शाळेचा बेल्ट तिला पुरत नाही आणि वर्गातली मुलं तिला ‘बोंडा’ म्हणतात. घरातही तिच्यासमोरच बोलतात, हिचं तोंड थांबत नाही म्हणून.

एकदा आहारशास्त्राच्या वर्गात मॅडमनी सांगितलं की आईला पुरेसं मिळालं नाही, तर पोटातल्या बाळाचं शरीर टंचाई ओळखून साठवायला शिकतं. पुढे मुबलक मिळालं की साठतच जातं. आईचं वजन किंवा साखर फार वाढली तरीही मुलाला लठ्ठपणाचा धोका असतो. धोका आहे म्हणून तसंच होईल असं नाही, हेही त्या म्हणाल्या. पण माझ्या डोळ्यांपुढून तो बेल्ट हलेना.

पुढच्या रविवारी जेवताना मी हे सगळं बोलून टाकलं.

“पुस्तकात बाळंतपण शिकवतात होय रे तम्मा?” मला कानडीतून धाकटा भाऊ म्हणत अक्का हसल्या. “मग सुईणच हो की!”

मला वाटलं, संपलं. पण दुपारी भांडी विसळताना अक्का आपणहून म्हणाल्या, “माझी धाकटी जाऊ बाळंतपणातच गेली. पोर मोठं होतं, अडलं. मी उशाशी होते रे.”

मी म्हणालो, “अक्का, ताईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे तुम्हीच जा. त्यांनाच विचारा. माझं नका ऐकू.”

“सरी, जाते,” त्या म्हणाल्या.

त्या ताईला घेऊन गेल्या. बाळाची वाढ मागे आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डाळ, अंडी, भाजी, पोटभर जेवण. गोडावर भर नको. बाळ अडेल का, हे आम्ही तपासत राहू, त्यासाठी सुनेला उपाशी ठेवू नका. हे ताईने मला फोनवर कुजबुजत सांगितलं.

मग माझी परीक्षा आली, रविवार बंद झाले. फोन केला की ताई म्हणायची, “जेवतेय रे.” मागे अक्कांच्या बांगड्या वाजत असायच्या, त्यामुळे खरं काय ते कळायचं नाही. त्यात भीती उलटी फिरली. माझं ऐकून ती जेवली, पोर मोठं झालं आणि अडलं तर? वाचायला बसायचो आणि त्याच पानावरून उठायचो. मी कधी न पाहिलेली ती जाऊ मनातून जाईना.

परवा प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो, तर फोन वाजला. अक्का स्वतः.

“मुलगा झाला रे तम्मा. नीट सुटली ती. वजनही भरलंय.” मग म्हणाल्या, “डोकं तेवढं स्वल्प मोठं आहे. मामावर गेलंय. ठेव आता, तुझ्या ताईला भूक लागलीय, डबा घेऊन निघालेय मी.”