आबांना मारलेली हाक

पुण्यातली खोली सोडून मी गावी परत आले तेव्हा माझं वय सदतीस होतं आणि माझा आवाज गेलेला होता. अगदी मुकी झाले नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढं कुजबुजता यायचं, पण पंखा चालू असला की तेही नाही. त्याआधी बारा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता माझा. शेजारच्या वर्गावरच्या बाई कधीकधी उठून दार लावून घ्यायच्या.

गळ्याला गाठ आली होती. थायरॉइडचा कर्करोग. कर्करोगांमध्ये हा त्यातल्या त्यात बरा, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण तिला चिकटलेली आवाजाची नस दुखावली गेली. आई महिनाभर पुण्यात येऊन राहिली. आबा, म्हणजे माझे वडील, आले नाहीत. म्हशीपाशी कुणीतरी पाहिजे, असं त्यांनी आईकडून कळवलं. ते माझ्या मनात राहिलं.

शाळेने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. गळ्यात माइक अडकवून मी वर्ग घेऊन पाहिला, तर माइकमधून शब्दांपेक्षा माझा श्वासच मोठा ऐकू यायचा. मुलांनी दंगा केला असता तर एक वेळ चाललं असतं. ती सगळी हाताची घडी घालून, श्वास रोखून ऐकायची, आणि ते मला सोसेना. नव्या शालेय वर्षी माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या. मी सामान बांधलं आणि पाटणची एसटी धरली.

आमचं गाव पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठाला. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरीचा घसा बसलाय. कर्करोग हा शब्द तिने घरातसुद्धा कधी उच्चारला नाही. आणि एक गंमत मला पहिल्या आठवड्यातच कळली. आपण कुजबुजलो की समोरचाही कुजबुजायला लागतो. दुकानात गेले की दुकानदार पुढं वाकून, चोरीचा माल विकावा तसा विचारायचा, साखर किती देऊ? शेजारच्या काकू माझ्याशी बोलताना आपोआप आवाज खाली आणायच्या. फक्त आबा माझ्याशी मोठ्याने बोलायचे, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं.

आबा बावीस वर्षं तोफखान्यात होते. तिथून ते एक पेटी, एक पेन्शन आणि निकामी झालेले कान घेऊन आले. कानाचं मशीन मिळालं होतं, पण ते डबीसकट पेटीत पडून होतं. घातलं की डोक्यात भांडी आदळल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरात अशी परिस्थिती झाली की मला बोलता येत नव्हतं आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. मधे आई. मी तिच्या कानात सांगायचं आणि तिने ते आबांना ओरडून सांगायचं. "आवं, ती म्हणतीय, तिला झोप लागत न्हाई," असं ती अंगणातून ओरडायची, आणि माझी झोप अख्ख्या आळीला कळायची.

झोप खरंच लागत नव्हती. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी घेतली की मी आरशासमोर उभी राहून बोटांनी गळा चाचपायचे. कानाच्या मागून खाली, मग गळ्याच्या हाडाच्या वर, मग दुसरी बाजू. एखाद्या जागी काही लागलं की तीच जागा दिवसभरात वीस वेळा दाबून बघायचे, आणि दाबून दाबून ती दुखायला लागली की दुखतंय म्हणून घाबरायचे. डिसेंबरात वर्षाची तपासणी होती. ती जवळ येईल तसं मला जेवण जाईना. माणसांना भेटायचं तर मी टाळतच होते. फोन उचलून उपयोग नव्हता, आणि मेसेजला उत्तर द्यायचं जिवावर यायचं.

मेसेज करणाऱ्यांतली एक मैत्रीण मात्र हटली नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. लग्न होऊन ती सांगलीला गेली आणि गेली पंधरा वर्षं कुपवाडच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करते. माझ्याकडून उत्तर येईना तसं एका रविवारी ती कराडला गाडी बदलून थेट आमच्या दारात उभी राहिली. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. मी काहीतरी बोलले आणि सवयीने तेच पुन्हा सांगायच्या तयारीत राहिले, कारण पहिल्यांदा कुणालाच कळायचं नाही. तिने लगेच उत्तर दिलं. मी थांबून तिच्याकडे बघत राहिले.

"आमच्याकडं मशिनी सुरू झाल्या की शेजारणीचं बी ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "आमी समद्या तोंडाकडं बघूनच बोलतो. तू बोल, मी बघतीय."

वर्षभरात पहिल्यांदा मी सलग तासभर बोलले. सगळंच सांगितलं, गळा चाचपण्याचंसुद्धा. तिने मला धीर वगैरे दिला नाही. तपासणी सांगलीत करू, डॉक्टर मी बघते, रजा मी काढते, एवढं ठरवून ती दुपारच्या गाडीने परत गेली.

तपासणीला आठ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीचे दिवस होते. सकाळी आबा म्हशीला घेऊन नदीकडे निघाले होते आणि मी किटलीत चहा घेऊन त्यांच्या मागून चालले होते. आमच्यात शंभरेक पावलांचं अंतर असेल. तिथं रस्त्याला उतार आहे. मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, गाणी मोठ्याने लावलेली. माझ्या अंगावर वारा सोडत तो पुढं गेला. आबा म्हशीचा कासरा धरून बरोबर रस्त्याच्या मधोमध चालले होते. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. उतारावर एवढा भार एकदम थांबत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी हाक मारली. तोंड उघडलं, छाती भरली, सगळा जीव एकवटला, आणि बाहेर नुसती हवा आली. पुन्हा मारली. माझी मलाच ऐकू आली नाही. मग किटली टाकून मी पळत सुटले. आपण पोचणार नाही हे पळतानाच कळत होतं.

हॉर्न म्हशीने ऐकला. ती बुजून एकदम कडेला झाली आणि कासऱ्याबरोबर आबा ओढले जाऊन गवतात गुडघ्यांवर पडले. ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे त्यांच्या खांद्याला घासून गेले. ट्रॅक्टर पुढं जाऊन कसाबसा थांबला.

मी पोचले तेव्हा आबा धोतर झटकत उठत होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पळत का आलीस? काय झालं?"

तेवढ्यात ड्रायव्हर आला. तो रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त होता. आवं मामा, कवाधरनं हॉर्न वाजवतोय, असं तो म्हणत होता आणि आबा त्याच्या तोंडाकडे नुसते बघत होते. मग ते माझ्याकडे वळले. मी रस्त्यातच खाली बसले होते. काय घडलं ते त्यांना त्या वेळी समजलं असावं.

आईला सांगू नये असं मी ठरवलं होतं. आबांनी स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटीतली डबी काढून बसले, मशीन कानात घातलं, तोंड वाकडं केलं, पण काढलं नाही. मला शेजारी बोलावून म्हणाले, काहीतरी बोल, बघू.

खरं तेच तोंडातून आलं. "आबा, मला तपासणीची भीती वाटते."

त्यांनी कानातलं मशीन बोटाने चाचपलं. ऐकू आलं नाही असं वाटून मी आईला बोलवायला वळले.

"मला बी वाटती," ते म्हणाले. "मागच्या साली तुझं आपरेशन हुतं, तवा मी म्हशीपायी थांबलो न्हवतो. म्हस बघायला शेजारी हुते की. मला भ्या वाटलं, म्हणून आलो न्हाई."

माझ्या वडिलांनी सीमेवरच्या गोष्टी आम्हाला पुष्कळ सांगितल्या होत्या. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. वर्षभर मनात धरून ठेवलेला राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मी म्हणाले, या वेळी येता का? ते म्हणाले, येतो.

या वेळी आई म्हशीपाशी राहिली. आबा आणि मी सांगलीला पोचलो तेव्हा मैत्रीण स्टँडवर उभी होती. सोनोग्राफीच्या खोलीत मी एकटीच होते. गळ्यावरून फिरणारं ते थंड यंत्र डाव्या बाजूला एका जागी थांबलं. पुढं गेलं, परत त्याच जागी आलं. डॉक्टरबाईंनी काहीतरी मोजलं. मी छताकडे बघत होते. विचारायचं होतं, पण माझा आवाज त्यांच्या कानापर्यंत गेला नाही, की मीच जाऊ दिला नाही, कोण जाणे. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, एक बारीक गाठ दिसतेय. बहुतेक साधी असेल, पण सुई घालून तपासलेली बरी. त्याच दिवशी सुई घातली. रिपोर्ट यायला तीन दिवस लागणार होते.

ते तीन दिवस आम्ही मैत्रिणीच्या दोन खोल्यांच्या घरात काढले. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. आबा खुर्ची आणून माझ्या उशापाशी बसले आणि मशीन काढायला तयार होईनात. कुकरची शिट्टी झाली की ते दचकायचे, स्कूटर गेली की कपाळाला आठ्या पडायच्या. काढा ते, असं मी खुणेने दोनदा सांगितलं. राहू दे, म्हणाले, तू काय बोललीस तर?

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला कामावर जावंच लागणार होतं. ती मला घरी ठेवायला तयार नव्हती. कारखान्याच्या मालकांना विचारून तिने मला बरोबर नेलं. गाडीवर मागे बसून मी कुपवाडला गेले. आत दहाबारा प्रेस मशिनी एका सुरात आदळत होत्या, पायाखालची फरशी थरथरत होती. बायका कामावरची नजर न काढता अधूनमधून एकमेकींकडे बघून ओठ हलवायच्या आणि हसायच्या. मला कोपऱ्यात स्टूल दिलं. एकीने लांबूनच मला विचारलं, चहा घेणार का? मी नुसते ओठ हलवून सांगितलं, बिनसाखरेचा. तिला कळलं. वर्षभरात मी एवढ्या सहज कुणाशी बोलले नव्हते, तरी नजर सारखी मैत्रिणीकडे जात होती. फोन मैत्रिणीकडे दिला होता, कारण आला तरी मला बोलता येणार नव्हतं.

दुपारी तिने मशीन थांबवलं आणि फोन कानाला लावून ती बाहेर पळाली. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसत होती. ती मान हलवत होती, पण कशाला होकार देत होती ते पाठीवरून कळेना. मी स्टुलाची कड धरून बसले होते. ती दारात आली. आमच्यामध्ये चालू मशिनी होत्या. तिने तिथूनच, एकेक शब्द सुटा करून, ओठांनी सांगितलं: काही नाही. साधी आहे.

मी पुन्हा सांग म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. शेजारच्या दोघींनीही ते वाचलं असणार, कारण त्यांतली एक हात पुसत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. तिला मी ओळखतही नव्हते.

घरी गेलो तेव्हा आबा खुर्चीतच होते. मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं, मशीन काढून खिशात ठेवलं आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गावी परतलो तेव्हा आईने तीन दिवसांत घर तीनदा सारवल्यासारखं लखलखीत केलं होतं. फोनवर सगळं कळलेलं असूनही तिने मला दिव्याखाली उभं करून सुई टोचलेली जागा बघितली, मग ताटं घेतली.

त्याला आता काही महिने झाले. आवाज थोडा सुधारलाय. एक स्वरतंतू हलत नाही, दुसरा त्याचं काम ओढायला शिकतोय, असं डॉक्टर म्हणतात. वर्गात उभं राहता येईल असा आवाज बहुतेक येणार नाही. मी घरी बसून भूगोलाचे नकाशे आणि प्रश्नसंच करून देते, पाटणची एक शाळा ते वापरते. गळा चाचपणं अजून सुटलेलं नाही. दिवसातून एकदाच, असा मैत्रिणीशी करार झालाय आणि तो मी बऱ्याचदा मोडते. मोडला की तिला कळवते.

पुढची तपासणी जूनमध्ये आहे. या वेळी आईपण येणार म्हणतेय. म्हशीचं काय करायचं यावर तिचं आणि आबांचं आत्तापासून भांडण सुरू आहे.